तिरकी पट्टी

सोलापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचं भरतकामाचं मशीन होतं. गावात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, आणि त्या गणवेशांच्या खिशावर लावायचे बिल्ले अण्णा करून द्यायचे. काम कागदावर सुरू व्हायचं. आलेखाच्या कागदावर ते आधी एक ढाल काढायचे. शाळा मराठी असो, उर्दू असो, तेलुगू असो नाहीतर कॉन्व्हेंट, बिल्ला ढालीचाच. मग त्या ढालीत उघडं पुस्तक, पणती, उगवता सूर्य, कमळ, शाळेने जे सांगितलं असेल ते. आणि बहुतेक वेळा या सगळ्याच्या मधून एक पट्टी जायची. आडवी, उभी किंवा तिरकी.

नमुन्याचा बिल्ला तयार झाला की तो माझ्या फ्रॉकला टाचणीने लावून अण्णा मला बोळाच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपर्यंत पिटाळायचे. मी तिथे उभी राहायची आणि ते उंबऱ्यातून बघायचे. तेवढ्या अंतरावरून पुस्तकाचा नुसता पांढरा डाग व्हायचा. पणती तर दिसेनाशीच व्हायची. पट्टी तेवढी दिसायची. दिसली की अण्णा हात वर करायचे आणि मी पळत परत यायची.

एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका नमुना बघायला घरी आल्या. बाटलीहिरव्या कापडावर पिवळी तिरकी पट्टी, तिच्या एका अंगाला पुस्तक, दुसऱ्या अंगाला पणती. बाईंनी चष्मा पुसून बिल्ला निरखला आणि विचारलं, "या पट्टीचा अर्थ काय हो?" अण्णा म्हणाले, "लांबून ओळखू यावा म्हणून घातलीय, बाई." बाईंचं समाधान झालं नाही. शाळेच्या वार्षिक अंकात त्यांना बोधचिन्हाचा अर्थ छापायचा होता. पुस्तकाचा अर्थ तयार होता, पणतीचाही होता, पट्टीचा तेवढा अडला होता. अण्णांनी जरा वेळ बिल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चढण समजा. शिक्षणाची." पट्टी खरोखरच डाव्या हाताला खालून उजव्या हाताला वर जात होती. बाईंनी खूश होऊन लिहून घेतलं.

या पट्टीने पुढे काय केलं ते सांगेनच. पण त्याआधी मला जुन्या गोव्यात जायचंय.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलला लागून सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे. आत शिरलेला माणूस सोनेरी वेदीकडे बघत पुढे जातो. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझी नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. त्या चर्चची जमीन कबरींच्या दगडांची आहे, सोळाव्या शतकापासूनच्या. दगडांवर पोर्तुगीज नावं कोरलेली, आणि नावांबरोबर ढाली. ढालीवर शिरस्त्राण, भोवती पानांची वळणं, आत पट्टे, चौकडे, गोल. शेकडो वर्षं माणसं त्यांच्यावरून चालत आली आहेत. अक्षरं झिजून गेली आहेत, पानं गुळगुळीत झाली आहेत. एका दगडावर मी उकिडवी बसले आणि बोट फिरवलं. नाव लागेना, साल लागेना. ढालीची कड लागली, आणि आत गोल टेंगळं लागली. किती होती ते मोजता आलं नाही, पण गोल होते एवढं बोटाला कळलं.

अण्णांचा बोळ मला तिथे आठवला. जवळून बघायच्या गोष्टी आधी जातात.

युरोपातली कुलचिन्हं, म्हणजे ज्याला कोट ऑफ आर्म्स म्हणतात ती, मी त्यानंतर मनापासून वाचायला घेतली. हाताला आलेल्या बहुतेक पुस्तकांत एक तक्ता असायचा. डावीकडे आकार, उजवीकडे गुण. आडवा पट्टा म्हणजे मानाचा कमरबंद. उभी पट्टी म्हणजे लष्करी सामर्थ्य. वरच्या कडेचा पट्टा म्हणजे अधिकार. कौलारू छपरासारखा कोन म्हणजे रक्षण. फुली म्हणजे निश्चय. वाचायला छान वाटतं. पण हे तक्ते ज्या लिखाणातून आले ते सोळाव्या शतकाच्या शेवटचं आणि सतराव्या शतकातलं आहे, आणि ढालींवर हे आकार आले ते बाराव्या शतकात. मधे चारेकशे वर्षं गेली. त्या मुख्याध्यापिका आणि त्यांचा वार्षिक अंक मला त्या तक्त्यांच्या पाठीमागे स्पष्ट दिसतो. कोणीतरी विचारलं, कोणीतरी प्रेमाने उत्तर दिलं.

मग मूळ काय होतं? फ्रान्समधल्या बायो गावचं एक जुनं भरतकाम आहे. सगळे त्याला टॅपेस्ट्री म्हणतात, पण ते विणलेलं नाही, लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने भरलेलं आहे, जवळजवळ सत्तर मीटर लांब. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्याची ती गोष्ट. त्यात लढाईच्या ऐन मध्यात विल्यम घोड्यावर मागे वळून शिरस्त्राण वर सारतो आणि चेहरा दाखवतो. सैन्यात हूल उठली होती की तो पडला. आपला धनी जिवंत आहे की नाही हे त्याच्याच माणसांना ओळखू येत नव्हतं. त्या कापडावर ढाली आहेत, ढालींवर नक्षीही आहे, पण ती घराण्याची खूण झालेली नाही. एकाच माणसाची ढाल पुढच्या प्रसंगात वेगळी दिसते.

पुढच्या शंभरेक वर्षांत शिरस्त्राणं आणखी बंद होत गेली आणि ढालीवर ठरलेली खूण आली. ती बापाकडून मुलाकडे गेली तेव्हा कुलचिन्ह जन्माला आलं. धुळीत, गर्दीत, धावत्या घोड्यावरून जे ओळखता येईल ते टिकणार, म्हणून आकार असे साधे. काही अभ्यासकांना वाटतं की यातले काही पट्टे मुळात लाकडी ढाल मजबूत करायला ठोकलेल्या पट्ट्यांवरून आले असतील, त्या रंगवल्या आणि त्यांची खूण झाली. मला हे पटतं. हाताने काम करणाऱ्या माणसाला असलेली गोष्टच आधी रंगवावीशी वाटते.

रंगांचा नियम तर थेट अण्णांचाच. सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. निळ्यावर पिवळं चालेल, पांढऱ्यावर पिवळं नाही. जेरुसलेमच्या राज्याने पांढऱ्यावर सोनेरी क्रूस घेतले, ते या नियमाच्या बाहेरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. अण्णांना हे कोणी शिकवलं नव्हतं. एका शाळेने पांढऱ्या ढालीवर पिवळा सूर्य मागितला तेव्हा त्यांनी सूर्याभोवती लाल धाग्याची कड भरली आणि पैसे तेवढेच घेतले.

या आकारांची फ्रेंच-इंग्रजी नावं कानाला परकी वाटतात, पण आकार सगळे आपल्या घरातले आहेत. चीफ म्हणजे ढालीच्या वरच्या कडेचा रुंद पट्टा, साडीच्या काठासारखा. फेस म्हणजे कमरेशी आडवा पट्टा. ऑस्ट्रियाचं लाल-पांढरं-लाल यातलंच. तिथे गोष्ट सांगतात की ११९१ साली पॅलेस्टाइनमधल्या एकर शहराच्या वेढ्यात ड्यूक लिओपोल्डचा पांढरा अंगरखा रक्ताने भिजला आणि पट्टा सोडल्यावर कमरेची जागा तेवढी पांढरी राहिली. चिन्हाचा हाती असलेला जुना पुरावा मात्र १२३० सालच्या एका मोहरेचा आहे, तो ड्यूक जाऊन बरीच वर्षं झाल्यानंतरचा. सॉल्टायर म्हणजे फुली. लॉझेंज म्हणजे सरळसरळ शंकरपाळा. आणि शेव्हरॉन. फ्रेंचमध्ये शेव्हरॉन म्हणजे छपराचा वासा. आढ्याला टेकलेले दोन वासे पुढून पाहिले की जसे दिसतात तसाच तो कोन. हवालदाराच्या बाहीवरच्या तीन फितीही शेव्हरॉनच, फक्त टोक खाली केलेले.

गोल टिकलीचं, राउंडेलचं, मला फार कौतुक आहे. इंग्रज चिन्हकारांनी तिला रंगागणिक वेगळं नाव दिलं. सोनेरी असेल तर बेझंट, बायझँटियमच्या सोन्याच्या नाण्यावरून. पांढरी असेल तर प्लेट, चांदीचा पत्रा. हिरवी ती सफरचंद. काळी ती बंदुकीची गोळी. लाल ती छोटी भाकरी. निळी ती हर्ट, आणि तिथे दोन मतं: कोणी म्हणतं ते रानातलं निळं फळ, कोणी म्हणतं मुक्या माराचा वण. गोव्याचा व्हाइसरॉय दों जुआंव द कास्त्रो १५४८ साली गोव्यात वारला; त्याच्या घराण्याच्या ढालीवर पांढऱ्यावर सहा निळ्या टिकल्या आहेत. पोर्तुगीज त्यांना साधे गोलच म्हणतात. इंग्रजीत वाचलं तर ते सहा वण होतात. एकाच ढालीवर, एका भाषेत काहीच नाही आणि दुसऱ्या भाषेत सहा जखमा.

आता तिरकी पट्टी, बेंड. इथे थोडं थांबायला हवं, कारण डावं-उजवं यात सगळे चुकतात. कुलचिन्हात डावं-उजवं बघणाऱ्याचं नसतं, ढाल धरणाऱ्याचं असतं. बेंड ही धरणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जाते. बघणाऱ्याला ती डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरताना दिसते. आपल्याकडे जानवं नेहमी डाव्या खांद्यावर असतं आणि उजव्या हाताखालून जातं, तो झाला सव्य. श्राद्धाला ते उजव्या खांद्यावर घेतात, तो अपसव्य. म्हणजे युरोपातल्या सरदारांची मानाची पट्टी आपल्या अपसव्याच्या दिशेची. आणि सव्याच्या दिशेची जी, ती बेंड सिनिस्टर. तिच्यावर कादंबऱ्यांनी अनौरसपणाचा शिक्का मारून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये राजाच्या अनौरस मुलांच्या ढालीवर खरोखर जी खूण दिसते ती या दिशेची, पण दोन्ही टोकं तोडलेली बारीक काठी आहे. पूर्ण पट्टी बिचारी निर्दोष आहे.

निळ्या ढालीवर एकच सोनेरी तिरकी पट्टी. याहून साधं चिन्ह कल्पनेत येणार नाही, आणि याच चिन्हापायी चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये जो खटला झाला त्याची कागदपत्रं अजून आहेत. १३८५ साली राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या सैन्यात यॉर्कशरचा सर रिचर्ड स्क्रोप होता आणि चेशरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनर होता. दोघांच्या ढाली हुबेहूब सारख्या. एकाने दुसऱ्याची चोरली असंही नव्हतं, देशाच्या दोन कोपऱ्यांत दोन घराण्यांनी तीच सोपी खूण उचलली होती. प्रकरण सरदारांच्या न्यायालयात गेलं आणि शेकड्यांनी साक्षी झाल्या. म्हातारे योद्धे, मठाधिपती, वेल्सचा ओवेन ग्लिंडूर. प्रत्येकजण सांगत होता की ही पट्टी मी अमक्या लढाईत अमक्याच्या अंगावर पाहिली, तमक्या चर्चच्या काचेत पाहिली, कबरीवर पाहिली.

१३८६ साली कवी जेफ्री चॉसर साक्षीला उभा राहिला. त्याने सांगितलं ते मी कितीदा वाचलं असेल. तो लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून चालला होता. एका घरावर नवीन पाटी टांगलेली, तिच्यावर निळ्यावर सोनेरी पट्टी. त्याने सहज विचारलं, स्क्रोपांची निशाणी लावलेली ही कुठली खाणावळ? तिथला माणूस म्हणाला, स्क्रोपांची नव्हे हो, ही सर रॉबर्ट ग्रोव्हनरची. आणि ग्रोव्हनर हे नाव चॉसरने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. रस्त्यात एक माणूस पाटीकडे बघून म्हणतो, अरे, हे तर आपले ओळखीचे.

इतक्या साक्षींत पट्टी म्हणजे शौर्य की सेवा, हा मुद्दाच नव्हता. ती कोणाची, ती आधी कोणी कुठे पाहिली, एवढंच सगळे सांगत राहिले.

१३८९ साली निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरला सवलत मिळाली की त्याने तीच पट्टी ठेवावी, फक्त ढालीला साधी पांढरी किनार लावावी. त्याने राजाकडे दाद मागितली, आणि १३९० साली राजाने ती सवलतही काढून घेतली. कारण मोठं विचार करायला लावणारं आहे. साधी किनार, म्हणजे बॉर्ड्युअर, ही भाऊबंदाची खूण मानली जायची. त्याच घराण्यातल्या धाकट्या पातीने मूळ ढालीला किनार लावून आपलं वेगळेपण दाखवायचं. ग्रोव्हनर तर परका, तो किनार लावून स्क्रोपांचा चुलतभाऊ कसा होईल? म्हणून पट्टीच सोडायला लागली. त्याने निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. ग्रोव्हनर पुढे वेस्टमिन्स्टरचे ड्यूक झाले, त्यांच्या चिन्हात ती पेंढी आजही आहे. पण १८८० साली डर्बीची शर्यत जिंकलेल्या त्यांच्या घोड्याचं नाव काय होतं? बेंड ऑर. सोनेरी तिरकी पट्टी. ४९० वर्षांनीसुद्धा घरात ती आठवण होती.

किनारीचा हा अर्थ एकदा कळल्यावर मी वसईला पुन्हा गेले. वसईच्या किल्ल्यात, बालेकिल्ल्याच्या दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह दगडात आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तेव्हा आपली माणसं ज्या दगडांखालून गेली त्यातलाच हा एक. पोर्तुगालच्या ढालीत मधे पाच लहान ढाली, प्रत्येकीत पाच पांढऱ्या टिकल्या. भोवती लाल किनार आणि तिच्यात सात किल्ले. लोक सांगतात त्या गोष्टी अशा: पाच ढाली म्हणजे ११३९ साली ओरिकच्या लढाईत पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सु एन्रिकेश याने हरवलेले पाच मूर, म्हणजे मुसलमान राजे, पाच टिकल्या म्हणजे येशूच्या पाच जखमा, आणि सात किल्ले म्हणजे दक्षिणेला अल्गार्व प्रांतात मुसलमानांकडून घेतलेले सात गड.

जुन्या ढालींवर टिकल्या पाचच असतात असं नाही, कधी दहा-अकराही दिसतात. अभ्यासकांचा कल असा की त्या आधी ढालीला ठोकलेल्या खिळ्यांच्या गोल टोप्या असाव्यात. आणि किल्ल्यांची किनार आली ती तिसऱ्या आफोन्सुबरोबर. तो धाकटा भाऊ. थोरला दुसरा सांशु राजा होता, त्याला बाजूला सारून हा १२४८ साली गादीवर बसला. धाकट्याने बापाच्या ढालीला किनार लावायची, तशी त्याने लावली होती, आणि किनारीत घातले ते किल्ले आईकडचे. आई शेजारच्या कॅस्टिल राज्याची राजकन्या, आणि कॅस्टिलचं चिन्हच किल्ला. तेव्हा त्यांची संख्याही सात अशी ठरलेली नव्हती, ती नंतर ठरली.

वसईच्या त्या दरवाजाखाली दुपारी कोणी नव्हतं. मी मान वर करून किनारीकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला ती विजयाची यादी वाटली होती. ती एका धाकट्या मुलाने जपलेली आजोळची आठवण निघाली. आजही पोर्तुगालच्या झेंड्यावर ती आहे.

ढालींचा मला लागलेला अर्थ असा आहे. आकार गुणांची नावं सांगत नाहीत, नाती सांगतात. कोण कोणाचा, थोरला कोण, धाकटा कोण, आईकडून काय आलं, कोण आपल्यातला नाही. थोरल्या मुलाने बाप हयात असेपर्यंत ढालीच्या वरच्या अंगाला तीन दाते असलेली पट्टी लावायची, त्याला लेबल म्हणतात. बाप गेला की ती काढायची. केवढं काही त्या दात्यांत आहे.

इंग्लंडमधल्या क्लेअर घराण्याचे तीन लाल शेव्हरॉन बाराव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या मोहरांवर दिसतात, शेव्हरॉनची ही फार जुनी उदाहरणं. १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत घराण्याचा शेवटचा तरुण वारस गिल्बर्ट पडला आणि वतन तीन बहिणींत वाटलं गेलं. त्यातली धाकटी एलिझाबेथ. पहिला नवरा १३१३ मध्ये गेला होता, दुसरा १३१६ मध्ये गेला, तिसरा १३२२ मध्ये. सत्ताविशीच्या आत तीन वेळा वैधव्य. चौथं लग्न तिने केलं नाही. केंब्रिजला एक मोडकळीला आलेली शिक्षणसंस्था होती, तिला १३३८ साली तिने जमीनजुमला देऊन उभं केलं. तेच आजचं क्लेअर कॉलेज. त्याच्या ढालीत एका अर्ध्यात तिचे माहेरचे तीन शेव्हरॉन आहेत, दुसऱ्या अर्ध्यात पहिल्या नवऱ्याच्या डी बर्ग घराण्याचा क्रूस. आणि सगळ्याभोवती काळी किनार, तिच्यावर सोनेरी थेंब. ते अश्रू आहेत असं सांगतात. ज्या किनारीने धाकटा भाऊ ओळखायचा, तीच किनार तिच्या ढालीला काळी झाली.

आकारात अर्थ कसा भरला जातो हे इतकं उघड मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. काळ्यावर सोनेरी, म्हणजे नियमही पाळलेला. रडणंसुद्धा लांबून दिसेल असं.

बायकांच्या बाबतीत ढालीचा इतिहास फारसा उदार नाही. इंग्लंडमध्ये बाई लढायला जात नाही म्हणून अविवाहित मुलीचं आणि विधवेचं चिन्ह ढालीऐवजी शंकरपाळ्यात काढायची रीत पडली. २०११ मध्ये लग्नाआधी केट मिडलटनचं चिन्ह असंच शंकरपाळ्यात काढलं, वर निळी फीत, म्हणजे अजून लग्न व्हायचंय. आत मधोमध सोनेरी शेव्हरॉन. तो सोनेरी का, तर तिच्या आईचं माहेरचं नाव गोल्डस्मिथ. भोवती ओकच्या तीन डहाळ्या, तीन भावंडांच्या. मला हे फार आवडलं. वासे क्लेअरांच्या ढालीवर होते तेच, आणि आता त्यात कोणाच्या तरी आजोळचं आडनाव राहायला आलं.

आता अण्णांच्या पट्टीकडे येते.

बाईंनी नमुना मंजूर केला आणि चारशे बिल्ल्यांचं काम दिलं. नक्षी कापडावर उतरवायला खाका असायचा, टाचणीने भोकं पाडलेला पातळ कागद. तो कापडावर पसरून वरून रंगाचा बोळा फिरवला की ठिपक्यांची रेघ उमटते. त्या वेळी खाका उलटा पसरला गेला. पुस्तक दोन्हीकडून सारखंच, पणतीही सारखीच, शाळेच्या नावाची पट्टी खाली वेगळी लागणार होती. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. अण्णांनी नेहमीप्रमाणे मला गिरणीपाशी उभं केलं, पट्टी झकास दिसली, त्यांनी हात वर केला.

शाळेत गठ्ठा उघडल्यावर बाईंनी बिल्ला हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. वार्षिक अंक छापून झाला होता. त्यात लिहिलं होतं, तिरकी पट्टी ही शिक्षणाची चढण होय. आणि बिल्ल्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे उतरत होती. चारशेच्या चारशे परत आले. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी दोनदा क्षमा मागितली, पण मुलांच्या छातीवर उतरण कशी लावू, असं म्हणाल्या. अण्णांनी उसने पैसे काढून पुन्हा चारशे भरले. त्या महिन्यात आमच्याकडे दुधाचा रतीब अर्धा झाला होता.

अण्णा आता नाहीत. स्क्रोपांचं मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा तेच मनात आलं, की त्यांना सांगायला हवं होतं. अण्णा, तुमची उलटी पडलेली पट्टीच तिकडची मानाची पट्टी होती. तिच्यासाठी दोन सरदार वर्षानुवर्षं भांडले. एका कवीने साक्ष दिली.

परत आलेले बिल्ले आईने टाकून दिले नाहीत. सुटे ठिगळ म्हणून काही गेले, आणि बाकीच्यांची तिने गोधडी शिवली, जुन्या नऊवारीचं अस्तर लावून. ती माझ्याकडे आहे. बाटलीहिरव्या ढाली ओळीने, एकीला एक लागून, आणि सगळ्यांवर पिवळी पट्टी डावीकडून उजवीकडे खाली. धुऊन धुऊन पुस्तकं पुसट झाली आहेत, पणत्या तर शोधायला लागतात.

मधोमध एक बिल्ला वेगळा आहे. लहानपणी मी त्याला बोटाने शोधायची. बिल्ला नुसता खालचं वर करून बसवला तर पट्टीची दिशा बदलत नाही, हे आईला शिवताना कळलं असणार. म्हणून तो तिने पालथा लावला आहे. त्याच्यावर धाग्यांच्या गाठी आहेत, सुटलेली टोकं आहेत, बॉबिनचा पांढरा दोरा दिसतो. आणि पट्टी खालून वर जाते.